जुन्या मदरबोर्डला रॅम घेण्यापूर्वी चिप्स मोजाव्यात

ठाण्यात चरईला माझ्या मामांचे डीटीपीचे छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, पावतीपुस्तके अशी कामे तिथे कित्येक वर्षे चालत आली आहेत आणि त्यांतली जवळजवळ सगळी एकाच संगणकावर होतात. हा संगणक २०१० मध्ये सुटे भाग आणून जोडून घेतलेला आहे. त्यात इंटेलच्या जी४१ चिपसेटचा (प्रोसेसर आणि बाकीचे भाग जोडणाऱ्या मुख्य चिप्सचा) मदरबोर्ड, कोअर २ ड्युओ ई७५०० हा प्रोसेसर आणि २ जीबी डीडीआर३ (ही रॅमची एक पिढी) रॅम होती. गेल्या दिवाळीनंतर, तुळशीची लग्ने तोंडावर आलेली असताना, मामांचा फोन आला. "अगं, पत्रिका उघडली की नुसतं चक्र फिरत राहतं. गिऱ्हाईक समोर ताटकळत बसतं. जरा येऊन बघशील का?"

मी ऐरोलीला राहते, त्यामुळे ठाणे लोकलने पंधरा-वीस मिनिटांचा प्रश्न. शनिवारी सकाळी जाऊन बसले. मामांनी एक पत्रिका उघडली, तर गणपतीचे चित्र आले, मग वरची ओळ आली आणि "चि. सौ. कां." एवढी अक्षरे उमटून पुढचे वधूचे नाव यायला सावकाश दहा-बारा सेकंद गेले. त्या वेळात कॅबिनेटवरचा हार्ड डिस्कचा लाल दिवा एकदाही विझला नाही. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा वापर ९० टक्क्यांच्या वर गेलेला होता. रॅम अपुरी पडली की विंडोज त्यातला मजकूर हार्ड डिस्कवर ठेवते आणि लागेल तसा परत आणते. हार्ड डिस्क रॅमच्या मानाने फारच मंद असल्यामुळे सगळे काम तिच्या गतीने चालू लागते. प्रोसेसरला दोष देण्याचे कारण नव्हते, रॅम वाढवणे एवढाच उपाय होता.

नवा संगणक का घेत नाही, हे मला घरातल्या तिघांनी विचारले, म्हणून त्याचे कारण इथे लिहिते. मामांचे मराठी फॉन्टचे सॉफ्टवेअर युनिकोड या आजच्या प्रमाण अक्षरपद्धतीच्या आधीच्या काळातले आहे आणि त्याचे डोंगल (सॉफ्टवेअरचा परवाना तपासणारे छोटे उपकरण) प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला लागते. हा पोर्ट आजच्या मदरबोर्डांवर सहसा मिळत नाही. पंधरा वर्षांच्या फायली त्याच फॉन्टमध्ये आहेत. त्या युनिकोडमध्ये बदलून पाहिल्या, तेव्हा जोडाक्षरे आणि रफार जागोजागी तुटले. एका शाळेचे लेटरहेड त्या खटाटोपात दोन तास घेऊन गेले. अशा हजारो फायली आहेत. शिवाय हा संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही, तयार पीडीएफ पेनड्राइव्हवर छापखान्यात जाते, त्यामुळे जुने विंडोज ७ तिथे सुखाने नांदते आहे. चालते यंत्र अशा कामासाठी जपणे हा माझ्या मते शहाणपणाचा व्यवहार आहे.

कॅबिनेटचे झाकण काढले. रॅमच्या दोन स्लॉटपैकी एकात २ जीबीची स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, होती आणि दुसरा रिकामा होता. बोर्डाचे मॉडेल स्लॉटच्या जवळ पांढऱ्या अक्षरांत छापलेले होते. त्यावरून मॅन्युअल शोधले, तर त्यात डीडीआर३, दोन स्लॉट, कमाल ८ जीबी असे स्पष्ट लिहिलेले होते. माझे गणित सरळ झाले: ४ जीबीच्या दोन स्टिक बसवायच्या. आधी एक घेऊन बघू म्हणून स्टेशनजवळच्या एका दुकानातून ४ जीबीची डीडीआर३ १६०० स्टिक आणली. मी बोर्डाचे नाव सांगितले होते. दुकानदार म्हणाले, "डीडीआर थ्री आहे ना मॅडम, मग चालणारच. स्पीड जास्त असला तर आपोआप खाली येतो."

वेगाबद्दल त्यांचे म्हणणे खरे होते. १६०० किंवा १३३३ ची स्टिक या बोर्डाच्या १०६६ या कमी वेगावर निमूट चालते, वेगाच्या आकड्यामुळे सहसा अडत नाही. पण स्टिक बसवून बटण दाबले, तर पंखा फिरू लागला, पडदा काळाच राहिला आणि थांबून थांबून लांब बीप वाजत राहिली. अनेक जुन्या बोर्डांवर अशी बीप म्हणजे रॅम सापडत नसल्याची खूण असते. स्लॉट बदलून पाहिला, सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, बायोसची (संगणक सुरू करणाऱ्या प्रोग्रामची) नाण्यासारखी बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत बसवली. काहीही फरक पडला नाही. जुनी स्टिक परत लावली की संगणक लगेच सुरू होत होता. दुकानात परत गेले, तेव्हा तीच स्टिक त्यांच्या संगणकावर व्यवस्थित चालली. स्टिकमध्ये दोष नाही, म्हणून ती परत घेता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. मला वाईट वाटले, पण स्टिक खरोखरच चांगली होती आणि बोर्डही चांगला होता. दोघांचे एकमेकांशी का जमत नाही, हे समजून घेणे मला भाग पडले.

त्या रात्री ऐरोलीला घरी, ट्यूबलाइटखाली, नवी स्टिक हातात धरून नीट पाहिली. एका बाजूला आठ काळ्या चौकोनी चिप्स आणि दुसरी बाजू कोरी. मामांच्या जुन्या स्टिकचा फोटो मी काढून आणला होता. तिच्यावर दोन्ही बाजूंना आठ-आठ, म्हणजे सोळा चिप्स होत्या, आणि क्षमता मात्र निम्मी, २ जीबी. सगळे उत्तर या फरकात होते.

रॅमच्या स्टिकवरच्या प्रत्येक चिपची स्वतःची क्षमता असते आणि ती गिगाबिटमध्ये मोजतात. एका बाइटमध्ये आठ बिट असल्यामुळे हिशेब सोपा आहे: स्टिकची जीबीतली क्षमता आठने गुणायची आणि चिप्सच्या संख्येने भागायची. माझ्या नव्या स्टिकचे ४ गुणिले ८ म्हणजे ३२, भागिले ८ चिप्स, म्हणजे एकेक चिप ४ गिगाबिटची. मामांच्या स्टिकचे २ गुणिले ८ म्हणजे १६, भागिले १६, म्हणजे एकेक चिप १ गिगाबिटची. आता ४ जीबीची स्टिक सोळा चिप्सची असती, तर एकेक चिप २ गिगाबिटची झाली असती. जी४१ चिपसेट २ गिगाबिटपर्यंतची डीडीआर३ चिप ओळखतो, ४ गिगाबिटची ओळखत नाही.

याचे कारण पत्त्यांमध्ये आहे. चिपच्या आत बिट ओळी आणि स्तंभ यांच्या जाळीत साठवलेले असतात आणि कोणती ओळ उघडायची हे मेमरीचा कारभार पाहणारा मेमरी कंट्रोलर पत्त्याच्या तारांवरून सांगतो. मेमरीच्या स्टिकवर सहसा असते त्या प्रकारच्या, एका वेळी आठ बिट देणाऱ्या २ गिगाबिटच्या चिपला ओळ निवडण्यासाठी १५ तारा पुरतात, तर ४ गिगाबिटच्या चिपला १६ लागतात. जी४१ तयार झाला तेव्हा, २००८ मध्ये, ४ गिगाबिटच्या चिप्स बाजारात नव्हत्या, म्हणून त्या सोळाव्या तारेची सोयच त्यात ठेवलेली नाही. बायोस अद्ययावत करून ही उणीव भरून निघत नाही, कारण तो तारांचा प्रश्न आहे. मॅन्युअलमधले "कमाल ८ जीबी" हे वाक्य खोटे नाही, पण ते ८ जीबी कोणत्या चिप्सने भरायचे ते त्यात लिहिलेले नव्हते.

आणखी एक गोष्ट मला त्या रात्री उमगली आणि ती मला फार मोलाची वाटते. कोणती रॅम चालेल याचा निर्णय मेमरी कंट्रोलर घेतो आणि तो कुठे आहे हे संगणकाच्या पिढीवर अवलंबून असते. मामांच्या संगणकासारख्या, इंटेलच्या ७७५ सॉकेटच्या (प्रोसेसर बसवायच्या खोबणीच्या) काळात कंट्रोलर मदरबोर्डावरच्या चिपसेटमध्ये, म्हणजे नॉर्थब्रिजमध्ये असे, म्हणून तिथे चिपसेटचे नाव पाहावे. २००८ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या कोअर आय७ पासून इंटेलने तो प्रोसेसरमध्ये नेला. प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीने, एएमडीने, ते काम २००३ मध्ये अॅथलॉन ६४ पासूनच केले होते. त्यामुळे त्यानंतरच्या संगणकात प्रोसेसरची पिढी पाहावी लागते. बोर्ड बनवणारी कंपनी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

सोळा चिप्सच्या ४ जीबीच्या दोन स्टिक शोधायच्या, असे ठरवून मी झोपले आणि सकाळी मला दुसरी चूक लक्षात आली. मामांचे विंडोज ७ हे ३२ बिटचे आहे. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते बसतात, म्हणजे बरोबर ४ जीबी, आणि त्यांतलाही वरचा भाग ग्राफिक्स आणि इतर उपकरणांसाठी राखून ठेवावा लागतो. ८ जीबी बसवले असते, तरी निम्म्याहून अधिक पैसे वाया गेले असते. ६४ बिटचे विंडोज घालावे, तर त्यासाठी डोंगलचा ड्रायव्हरही ६४ बिटचा आणि डिजिटल सही असलेला लागतो, आणि या जुन्या डोंगलचा तसा ड्रायव्हर माझ्याकडे नाही. म्हणजे मामांना खरी गरज होती ती आणखी एका २ जीबीच्या स्टिकची. रिकाम्या स्लॉटमध्ये ती बसली की ४ जीबी पुरे होतात आणि शिवाय दोन्ही स्लॉटमध्ये सारखी क्षमता असल्यामुळे मेमरीचे दोन्ही चॅनल, म्हणजे माहिती ने-आण करण्याच्या वाटा, एकत्र चालू होतात. या बोर्डावरचे ग्राफिक्स रॅममधूनच आपला वाटा घेते, म्हणून पडद्यावर चित्र उमटण्याच्या कामात दोन चॅनलचा उपयोग होतो. रॅम विकत घेण्यापूर्वी विंडोज किती बिटचे आहे हे पाहायला अर्धे मिनिटही लागत नाही. ते मी आधी पाहायला हवे होते.

२ जीबीची जुनी डीडीआर३ स्टिक ठाण्यात दोन-तीन ठिकाणी विचारली, पण कुठे ४ जीबीच होती आणि कुठे फक्त लॅपटॉपच्या आखूड स्टिक होत्या. म्हणून पुढच्या शनिवारी सुट्टी काढून लॅमिंग्टन रोडला गेले. ठाण्याहून दादर, तिथे पश्चिम रेल्वेची धीमी लोकल आणि ग्रँट रोडला उतरून पूर्वेला बाहेर पडायचे. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे लिहिलेले असते, पण संगणकाच्या सुट्या भागांसाठी जाणारे सगळे त्याला लॅमिंग्टन रोडच म्हणतात. आतल्या गल्लीतल्या एका दुरुस्तीवाल्याने प्लॅस्टिकचा खणच माझ्यापुढे ठेवला. त्यात शंभर-दीडशे स्टिक उभ्या रचलेल्या होत्या. त्यांतली योग्य ती वेचून काढायला मला अर्धा तास लागला आणि तो अर्धा तास मला मनापासून आवडला.

स्टिकवरचे लेबल वाचता येऊ लागले की अशा खणाची भीती वाटत नाही. "पीसी३-१०६००यू" असे लिहिलेले असेल, तर पीसी३ म्हणजे डीडीआर३, १०६०० म्हणजे सेकंदाला सुमारे १०,६०० मेगाबाइट, म्हणजेच १३३३ ची स्टिक, आणि शेवटचे यू हे साध्या डेस्कटॉप स्टिकचे चिन्ह. शेवटी आर असेल, तर ती सर्व्हरची रजिस्टर्ड स्टिक. सर्व्हर मोडीत निघाले की या स्टिक ढिगाने बाजारात येतात आणि स्वस्त मिळतात. त्यांची खाच तंतोतंत जुळते, त्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतात आणि साधा डेस्कटॉप त्यांवर सुरूच होत नाही. लेबल फाटलेले असेल, तर चिप्स मोजाव्यात: एका बाजूला आठऐवजी नऊ दिसल्या, तर ती चूक सुधारणारी ईसीसी प्रकारची स्टिक आहे, ती बाजूला ठेवावी. लेबलवरच "२आरx८" लिहिलेले असेल, तर त्याचा अर्थ दोन रँक (एकत्र काम करणाऱ्या चिप्सचे गट) आणि आठ बिट रुंदीच्या चिप्स, म्हणजे सोळा चिप्स. "१आरx८" म्हणजे आठ चिप्स. माझ्या फसलेल्या ४ जीबीच्या स्टिकवर "१आरx८" असे छापलेलेच होते. मला ते वाचता येत नव्हते.

खणात मला २ जीबीच्या दोन प्रकारच्या स्टिक सापडल्या, एक सोळा चिप्सची आणि एक आठ चिप्सची. आठ चिप्सची पाहून माझा हात क्षणभर थबकला, कारण आठचाच अनुभव वाईट होता. पण हिशेब केला: २ गुणिले ८, भागिले ८, म्हणजे २ गिगाबिटची चिप. जी४१ ला ती चालते. चिप्सची नुसती संख्या पुरेशी नसते, ती क्षमतेबरोबर वाचावी लागते. तरी मी सोळा चिप्सचीच घेतली, मामांच्या स्टिकसारखीच, १३३३ ची, कारण जुन्या बोर्डावर जोडी जितकी सारखी तितकी कटकट कमी. दुरुस्तीवाल्याने ती एका उघड्या बोर्डावर लावून दाखवली आणि सात दिवसांची बदलून देण्याची हमी पावतीवर लिहून दिली. जुनी रॅम घेताना ही लेखी हमी मागावीच. देणारे खळखळ न करता देतात.

संध्याकाळी चरईला पोहोचले, तेव्हा मामी चहा घेऊन दुकानात आल्या होत्या. संगणक बंद करून, वायर काढून, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला एकदा हात लावून मग स्टिक बसवली. दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या पकडी टक् टक् वाजून बसल्या की स्टिक पूर्ण आत गेली असे समजावे. एकच वाजली, तर स्टिक तिरकी असते. बटण दाबल्यावर एक छोटी बीप झाली आणि पडद्यावर ४०९६ एमबी दिसले. मामा शेजारी उभे होते. "आली का?" म्हणाले. त्यांना आकड्याशी देणेघेणे नव्हते, त्यांनी लगेच पत्रिका उघडायला सांगितली. मी मात्र त्या रात्री काम करू दिले नाही. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम लावून संगणक रात्रभर तसाच ठेवला. जुन्या रॅममध्ये एखादा बिट अधूनमधून चुकत असेल, तर संगणक सुरू होतो, चालतो आणि एक दिवस फाइल साठवताना ती बिघडवतो. लग्नाच्या पत्रिकेत तारीख बदलली, तर ते नुकसान रॅमच्या किमतीत मोजता येत नाही. सकाळी पडद्यावर चुकांच्या रकान्यात शून्य होते. विंडोजमध्ये बसवलेली मेमरी ४ जीबी आणि वापरण्याजोगी ३.२४ जीबी दिसली, म्हणजे अपेक्षेप्रमाणेच. तीच पत्रिका उघडली, तेव्हा "चि. सौ. कां." आणि पुढचे नाव एकदमच आले आणि लाल दिवा दोनदा लुकलुकून विझला.

माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत आणि क्लासांत आणखी दोन जुन्या जातींचे बोर्ड अजून चालू आहेत, त्यांच्याविषयीही थोडे सांगते. जी३१ चिपसेटचा बोर्ड डीडीआर२ चा असतो आणि एकूण ४ जीबीपुढे जात नाही, म्हणजे २ जीबीच्या दोन स्टिक एवढेच त्याचे गणित. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी असते आणि व्होल्टेजही वेगळे, १.८ आणि १.५. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी दाबून बसवण्याचा प्रयत्न कधीही करू नये. डीडीआर२ च्या ४ जीबीच्या अतिशय स्वस्त स्टिक ऑनलाइन दिसतात, त्या बहुतेक फक्त एएमडीच्या बोर्डांसाठी असतात. वर्णनात तसे बारीक अक्षरात लिहिलेले असते, ते वाचल्याशिवाय घेऊ नये. दुसरी जात एच६१ ची. तिथे कंट्रोलर प्रोसेसरमध्ये आहे, ४ गिगाबिटची चिप चालते आणि दोन स्लॉटमध्ये मिळून १६ जीबीपर्यंत जाता येते. तिथे ८ जीबीची स्टिक मात्र सोळा चिप्सचीच हवी, कारण आठ चिप्सच्या ८ जीबीच्या डीडीआर३ स्टिकमध्ये ८ गिगाबिटची चिप असते आणि ती इंटेलच्या सँडी ब्रिज, आयव्ही ब्रिज आणि हॅसवेल या प्रोसेसरांच्या पिढ्यांना वाचता येत नाही. आकडे दुप्पट झाले, पेच तोच राहिला.

माझी ती ४ जीबीची स्टिक महिनाभर कपाटात होती. मग आठवले की मावसभावाकडे वर्तकनगरला एच६१ चाच संगणक आहे, ४ जीबीचा, एक स्लॉट रिकामा असलेला. त्याला आधी फोन करून विंडोज किती बिटचे आहे ते विचारले. ६४ बिटचे निघाले. रविवारी जाऊन स्टिक बसवली, ती पहिल्याच झटक्यात ओळखली गेली आणि आता तिथे ८ जीबी आहेत. मामांच्या कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून ठेवला आहे. त्यावर मामांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिले आहे: "जी४१, डीडीआर३, २ जीबी + २ जीबी, १६ चिप्स, विंडोज ३२ बिट. ४ जीबी आठ चिप्सची आणू नये."